अम्मीला उचलताना

अख्तरबानू शेख यांनी महापालिकेच्या उर्दू शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं. घोरपडे पेठेतल्या दोन पिढ्यांच्या जिभेवर 'ळ' त्यांनीच बसवला. काहींच्या तळहातावर पट्टीही बसवली. निवृत्तीनंतर नवव्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. जीभ मात्र शाबूत राहिली. भेटायला येणाऱ्यांना त्या म्हणत, "या, बसा. मी उठून उभी राहणार नाही, राग मानू नका."

त्यांना उठवायचं आणि बसवायचं काम मेहनाजकडे होतं. मेहनाज ही थोरली मुलगी, वय सेहेचाळीस. लग्न दोन वर्षांत मोडलं तेव्हा ती माहेरी आली, ती कायमची. ती बायकांना स्कूटर शिकवायची. एकोणीस वर्षं तिचा तोच धंदा होता. सकाळी सात ते दहा सॅलिसबरी पार्कातल्या सावलीच्या, रुंद गल्ल्यांमधून ती कुणा ना कुणा घाबरलेल्या बाईच्या मागे बसलेली दिसायची. पाय दोन्ही बाजूंना रस्त्यापासून चार बोटं वर, हात हँडलच्या जवळ, पण हँडलला न लावलेले. गाडी कलली की ती कंबरेनंच सावरायची. पुढच्या बाईला वाटायचं, आपणच सावरली.

अम्मीला उचलण्याचीही तिची एक रीत होती. अम्मीचा चांगला उजवा हात स्वतःच्या मानेभोवती घ्यायचा, गुडघे तिच्या गुडघ्यांना टेकवायचे, "बिस्मिल्ला" म्हणत उभं करायचं आणि टाचेवर पाव वळण घेऊन चाकाच्या खुर्चीत ठेवायचं. दिवसातून सहा-सात वेळा.

"स्कूटर स्टँडला लावावी तशी लावतेस मला," अम्मी म्हणायची.

"स्कूटर इतकी कुरकुर करत नाही," मेहनाज म्हणायची.

उजव्या कानात आवाज सुरू झाला तो साधारण दीड वर्षापूर्वी. शेजारच्या इमारतीत कुणाचा तरी कुकर लागलाय आणि शिट्टी थांबतच नाही, असं काहीसं. मग फोन आपोआप डाव्या कानाकडे जायला लागला. पुढे पुढे तोंडाला साबण लावून डोळे मिटले की बेसिन धरावंसं वाटायला लागलं. मेहनाजनं पित्ताच्या गोळ्या घेतल्या, मग ताकदीच्या घेतल्या.

अम्मीच्या नजरेतून काही सुटत नव्हतं. "डावीकडून हाक मारली की लगेच येतेस, उजवीकडून मारली की बहिरी. कान दाखवून ये."

"जाते पुढच्या महिन्यात."

"हे तू मागच्या महिन्यात म्हणाली होतीस."

जायचं तर अम्मीजवळ कुणाला बसवायचं, हे एक कारण होतं. दुसरं कारण मेहनाजनं कुणाला सांगितलं नाही. तिला भीती वाटत होती.

ऑक्टोबरातली सकाळ. अम्मीची अंघोळ झाली होती आणि तिला मोरीतल्या स्टुलावरून खुर्चीत घ्यायचं होतं. मेहनाजनं उचललं, वळली, आणि पायाखालची फरशी उजवीकडे सरकली. नंतर डॉक्टरांना सांगताना तिनं हाच शब्द वापरला, सरकली. ती कधी पडली ते तिला कळलंच नाही. कळलं तेव्हा ती भिंतीशी होती आणि अम्मी उंबऱ्यावर आडवी, उजवा हात अंगाखाली. अम्मी ओरडली नाही. तिनं फक्त एवढंच विचारलं, "तुला लागलं का?"

अम्मीचं मनगट मोडलं होतं. तिचा एकच चालता हात होता, ज्यानं ती जेवायची, चष्मा पुसायची आणि शब्दकोडं सोडवायची. तो कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये गेला.

धाकटा भाऊ अरफात आणि त्याची बायको सबा मांजरीहून धावत आले. अरफात तिथल्या नव्या सोसायटीत राहायचा, एका औषध कंपनीत कामाला होता. त्यानं विचारलं, "पडली कशी?"

मेहनाजनं तोंड उघडलं, पण अम्मी आधी बोलली. "मीच. तिला न सांगता स्टुलावरून उठायला गेले. म्हातारपणी अक्कल जाते, लिहून घे."

अरफातनं बहिणीकडे पाहिलं. मेहनाज खाली मान घालून प्लास्टरची भुकटी पुसत राहिली. ते खोटं तिनं तसंच राहू दिलं. एक दिवस, दोन दिवस, मग त्याबद्दल बोलायची वेळच निघून गेली.

त्या दिवसांत तिची एकच शिकाऊ बाई होती, दीपमाला. यवतमाळहून नवऱ्याच्या नोकरीपायी आलेली, डबे करून द्यायची, आणि डबे पोचवायला तिला स्कूटर हवी होती. शिकवणीच्या तिसऱ्या दिवशी तिनं गल्लीच्या मधोमध गाडी थांबवली आणि मागे वळून म्हणाली, "मॅडम, राग नका येऊ देऊ. पण तुम्ही एकाच बाजूला झुकून राहिल्या. मी सरळ चालवून राहिली अन् गाडी उजवीकडेच जाते."

दीपमालानं गाडी बंद केली. "माझी शिकवणी गेली खड्ड्यात. चला दवाखान्यात, मी येते संगं."

आधी कानाची तपासणी झाली, मग एमआरआय. डॉक्टरांनी पडद्यावर एक पांढरा ठिपका दाखवला, बोराएवढा. "कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या तोलाच्या नसेवर ही गाठ आहे. कॅन्सर नाही, ते आधी मनातून काढा. पण तीन सेंटिमीटरची झालीय आणि मेंदूच्या देठाला टेकलीय. आता थांबण्यात अर्थ नाही."

"कान?"

"उजव्या कानानं यापुढे ऐकू येणार नाही असं धरून चला. चेहऱ्याची नस गाठीला चिकटून असते, ती जपायचा प्रयत्न करू."

"आणि तोल?"

"त्या बाजूची तोलाची नस जाईल. मग डाव्या बाजूच्या भरवशावर मेंदू नव्यानं शिकतो. बहुतेकांचा शिकतो. कुणाला सहा आठवडे लागतात, कुणाला वर्ष."

"मला माझ्या आईला उचलावं लागतं," मेहनाज म्हणाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आजपासून उचलू नका."

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन ठरलं. अम्मीला दोन महिने मांजरीला न्यायचं ठरलं. अरफात गाडी घेऊन आला त्या दिवशी सबा कपड्यांच्या घड्या घालत होती आणि मेहनाज अम्मीची औषधं डबीत भरत होती. सकाळची वेगळी, संध्याकाळची वेगळी. सबा खोलीबाहेर जाईल, मग आपण अम्मीशी त्या खोट्याबद्दल बोलू, असं तिला वाटत होतं. सबा गेली नाही. तिनं अम्मीचे स्वेटरसुद्धा मोजून भरले.

"दोनच महिने," अम्मी म्हणाली. "फेब्रुवारीत मी माझ्या पलंगावर. तोवर बरी हो, नाहीतर नापास करीन."

अरफात आणि वॉचमननं मिळून अम्मीला खुर्चीसकट जिन्यावरून खाली नेलं. मेहनाज वरच्या पायरीवर कठडा धरून उभी होती.

ऑपरेशन आठ तास चाललं. शुद्धीवर आल्यावर तिनं डोळे उघडले तर छत फिरत होतं, आणि मिटले तर ती स्वतः फिरत होती. तीन दिवस पोटात पाणी ठरलं नाही. चौथ्या दिवशी नर्सनं पलंगाच्या कडेला बसवलं, तेव्हा तिनं दोन्ही हातांनी गादी अशी घट्ट धरली, जणू कुणी तिला गच्चीच्या कठड्यावर बसवलंय. आरशात पाहिलं ते पाचव्या दिवशी. उजवा गाल उतरला होता, ओठाचा कोपरा खाली ओघळला होता, उजवी पापणी पूर्ण मिटत नव्हती. "नस तुटलेली नाही, दुखावलीय. परत येईल, वेळ लागेल," डॉक्टर म्हणाले.

तोलाचे व्यायाम शिकवायला स्पृहा नावाची तरुण फिजिओथेरपिस्ट येत असे. भिंतीवर एक अक्षर चिकटवायचं, त्यावर नजर रोखायची आणि मान डावी-उजवी हलवायची. टाचेला बोट लावून सरळ रेषेत चालायचं. उशीवर उभं राहायचं. मेहनाज ओकायची, तोंड धुवायची आणि पुन्हा उभी राहायची.

"माझ्याबरोबर एक आजोबा होते वॉर्डात," तिनं एकदा स्पृहाला विचारलं. "हेच ऑपरेशन. ते आठवड्यात चालायला लागले. मी का नाही?"

"त्यांची नस आधीच डेड होती, मॅडम. ब्रेनला सवय झाली होती. तुमची अजून बरीच काम करत होती. ती एकदम गेली ना, म्हणून शॉक मोठा. अनफेअर आहे, आय नो."

घरी आल्यावर दीपमाला रोज डबा घेऊन यायची. आता ती स्कूटरवरून यायची, लायसन्सही काढलं होतं. आणि रोज दुपारी चारला मांजरीहून व्हिडिओ कॉल यायचा. सबा फोन धरायची. मेहनाज फोन असा धरायची की चेहऱ्याची डावी बाजूच दिसावी.

"पासपोर्टचा फोटो काढतेयस का?" अम्मी म्हणाली. "समोर बघ."

"उजेड कमी आहे, अम्मी."

"बरं. चालून दाखव."

दीपमालानं फोन धरला आणि मेहनाज खोलीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चालली. मधे एकदाच, बोटांची टोकं कपाटाला लागली.

"कपाट धरलंस. शून्य मार्क. पुन्हा."

असं रोज चाललं. जानेवारीअखेर तिला दहापैकी सहा मिळाले. अम्मीचं प्लास्टर निघालं होतं, पण मनगट नीट वळत नव्हतं. सबा तिला भरवायची. ते मेहनाजला पडद्यावर दिसायचं. "सबा चांगलं करते," अम्मी म्हणायची. "फक्त भातात मीठ घालायला शिकवायचं राहिलंय." सबा पडद्याआडून हसायची. मेहनाजला हसता यायचं नाही. अर्धा चेहरा हसायचा आणि तो तिला नको असायचा.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ती दीपमालाला म्हणाली, "पलंगावर बस. तू अम्मी."

"मी बावन्न किलोची आहे, मॅडम."

"अम्मी बेचाळीसची आहे. जमलं तर जमलं."

दीपमालानं डावा हात लुळा सोडला आणि उजवा तिच्या मानेभोवती टाकला. मेहनाजनं गुडघे टेकवले, बिस्मिल्ला म्हणाली आणि उचललं. उभं करणं जमलं. वळताना खोली गेली. दोघी पलंगावर कोसळल्या, दीपमाला खाली, मेहनाज वर. दीपमालाला हसू फुटलं. तिचं पाहून मेहनाजही हसली, आणि मग एकाएकी थांबली. त्या आठवड्यात त्यांनी अकरा वेळा करून पाहिलं. दोनदा जमलं.

स्पृहाला कळलं तेव्हा ती चिडली. "मॅडम, हे तुम्ही एकटीनं करायचंच नाही. दुसरं माणूस जवळ हवंच. आणि ओल्या फरशीवर तर कधीच नाही. मी खोटी आशा नाही देणार."

त्या दिवशी चारच्या कॉलवर मेहनाज म्हणाली, "अम्मी, अजून एक महिना लागेल."

अम्मी म्हणाली, "घे एक महिना. विद्यार्थी कच्चा आहे, पण कष्टाळू आहे."

तो महिना पुरा झाला नाही. मार्चच्या सुरुवातीला अम्मीला जेवताना ठसका लागला, घास श्वासनलिकेत गेला आणि दोन दिवसांत न्यूमोनिया झाला. हडपसरच्या एका हॉस्पिटलात तिला ठेवलं. दीपमाला स्कूटरवर न्यायला तयार होती, पण मेहनाजला मागे बसायची हिंमत झाली नाही. दोघी रिक्षानं गेल्या. प्रत्येक वळणावर मेहनाज रिक्षाची दांडी दोन्ही हातांनी धरत होती.

अम्मी जागी होती. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. मेहनाज जवळ गेली तशी तिनं आखडलेला उजवा हात कसाबसा वर केला आणि मुलीच्या उतरलेल्या गालावर ठेवला. मग त्याच हातानं मास्क थोडा बाजूला करून म्हणाली, "हे सांगितलं नव्हतंस."

"बरं होणार आहे ते. अम्मी, ऐक. त्या दिवशी मोरीत मी..."

"मास्क लाव," अम्मी म्हणाली. "आणि पाणी आण माझ्यासाठी."

पाणी द्यायची परवानगी नव्हती. नर्सनं ओल्या कापसानं ओठ पुसले. तेवढ्यात अम्मीचा डोळा लागला, आणि भेटायची वेळ संपली. दुसऱ्या दिवशी दुपारी सव्वातीनला अरफातचा फोन आला. चारचा कॉल लवकर आला, असं क्षणभर मेहनाजला वाटलं.

मय्यत घोरपडे पेठेतच आणली. मशिदीतून लाकडी तख्त आलं, मागच्या बोळात चादरी बांधून आडोसा केला. बोरीची पानं घालून उकळलेलं पाणी, कापूर, पांढरं कापड, सगळं हाजराबींनी मांडलं. मोहल्ल्यात बायकांचा गुस्ल, म्हणजे मय्यतीची अंघोळ, त्याच घालायच्या. "लेकीचा हक्क पहिला," त्या म्हणाल्या. "ये बेटा."

चार वर्षं मेहनाजनं रोज अम्मीला अंघोळ घातली होती. पाठीवर कुठं चामखीळ आहे, कुठलं पाणी तिला गरम वाटतं, कानामागे हात लागला की ती कशी चिडते, सगळं तिला ठाऊक होतं. तिनं ओढणी कमरेला खोचली आणि तांब्या भरून घेतला. हाजराबी म्हणाल्या, उजव्या बाजूपासून. ती वाकली. बोळाची फरशी नाल्याकडे उतरती होती, साबणाच्या पाण्यानं ओली झाली होती. तिनं अम्मीच्या उजव्या खांद्यावर पाणी सोडलं आणि मान खाली गेली तशी जमीन पायाखालून निघाली. तांब्या तख्तावर आपटला. सबानं तिला मागून धरलं नसतं तर ती अम्मीच्या अंगावर पडली असती.

"पुन्हा घेते," मेहनाज म्हणाली.

दुसऱ्यांदा तिनं तख्ताची कड धरली. पण एका हातानं तख्त धरलं की पाणी कसं घालणार आणि अंग कशानं चोळणार? ती तशीच उभी राहिली. शेवटी हाजराबींनी तिच्या हातातून तांब्या सोडवून घेतला. "तू बस बेटा. अल्लाहला सगळं दिसतंय. बस."

तिला आडोशाच्या कडेला प्लास्टिकच्या स्टुलावर बसवलं. अंघोळ सबानं घातली. सबाला चामखिळीचं माहीत नव्हतं. "हळू, तिथं हळू," मेहनाज स्टुलावरून सांगत होती, आणि सबा मान हलवून हळू चोळत होती. मेहनाजकडे तेवढंच काम आलं. बादलीतून तांब्या भरायचा आणि पुढे करायचा.

जनाजा उचलला तेव्हा पुरुषांनी खांदा दिला. अम्मी जिन्याखालून, बोळातून, रस्त्यावर गेली. मेहनाज दाराच्या चौकटीला टेकून पाहत राहिली. त्या गर्दीत अम्मीचे कितीतरी विद्यार्थी होते.

तिसऱ्या दिवशी माणसं पांगल्यावर तिनं अरफातला स्वयंपाकघरात बोलावलं. "मला काहीतरी सांगायचंय. ऑक्टोबरात अम्मी स्वतःहून पडली नव्हती. मी पाडली. माझा तोल गेला. ती खोटं बोलली आणि मी बोलू दिलं. हात मोडला नसता तर ती मांजरीला गेली नसती, आणि..."

"आपा," अरफात म्हणाला. "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"त्याच संध्याकाळी अम्मीनं सांगितलं होतं. तू केमिस्टकडे गेली होतीस तेव्हा. म्हणाली, मेहनाज पडली, मी नाही. तिच्या डोक्यात काहीतरी झालंय, तिला आधी दवाखान्यात घाल. ती मला सोडून जाणार नाही, म्हणून मलाच ने. मी म्हटलं, आपाशी बोलतो. तर म्हणाली, बोललास तर ती आयुष्यभर स्वतःला दोष देत बसेल. मी पडले म्हटलं की विषय संपला. आणि मी तुला न्यायच्या आधी दीपमालानंच नेलं."

"तिला मांजरीला जायचं नव्हतं," मेहनाज म्हणाली.

"नव्हतं. रोज विचारायची, फेब्रुवारी कधी येतोय."

सबानं चहा आणून ठेवला. कुणी घेतला नाही.

आता जून उजाडलाय. मेहनाज घोरपडे पेठेतच राहते. ती घरापासून सॅलिसबरी पार्कापर्यंत काही न धरता चालत जाते. मागे बसून शिकवणं तिनं सोडलं. बायका तिच्याकडेच नाव नोंदवतात, पण मागच्या सीटवर दीपमाला असते आणि मेहनाज फुटपाथवरून सूचना देते. चेहरा थोडाफार परत आला आहे. "चाळीस टक्के," स्पृहा म्हणते. अरफातनं दोनदा विचारलं, मांजरीला येऊन राहा म्हणून. तिनं दोन्ही वेळा बघू म्हटलं.

ऑपरेशननंतर ती नमाज खुर्चीवर बसूनच पढत असे. मान खाली घालायची नाही, असं सांगितलेलं होतं. गेल्या शुक्रवारी दुपारी तिनं खुर्ची बाजूला केली, जानमाज अंथरली आणि सजद्यात गेली. कपाळ जमिनीला टेकलं आणि सगळं घर फिरलं. तिनं कपाळ उचललं नाही. तळवे जमिनीवर दाबून धरले आणि घर थांबायची वाट पाहिली. थांबायला बराच वेळ लागला.

मग तिला रडू आलं. अम्मी गेल्यापासून पहिल्यांदा. दुखावलेल्या नसेमुळे उजव्या डोळ्यात अजून पाणी येत नाही, म्हणून ती एकाच डोळ्यानं रडली, खूप वेळ, आणि जानमाजची डावी कडच तेवढी भिजली.